भरधाव हा शब्द कोणाचा

एकोणसत्तराव्या वर्षी माझ्या खिशात पुन्हा दोन पेनं आली. निवृत्तीनंतर तिथं चष्मा आणि बीपीच्या गोळ्या एवढंच असायचं. आता एक निळं, एक लाल. निळ्यानं लिहायचं, लालनं खोडायचं. गेल्या वर्षभरात मी जेवढं खोडलं तेवढं चौतीस वर्षांच्या नोकरीत खोडलं नव्हतं, आणि या खोडण्यात एवढा आनंद असतो हे मला कोणी सांगितलंही नव्हतं.

मी पोलिसात होतो. त्यातली बावीस वर्षं ठाण्यात लिहिण्याचं काम केलं. फिर्याद, जबाब, पंचनामा. असं लिहिणाऱ्या हवालदाराला ठाण्यात रायटर म्हणतात. साहेब येतात, बदलून जातात, रायटर खुर्चीला चिकटलेला असतो. माझं अक्षर चांगलं होतं. बाप मजुरी करायचा. धर्मांतरानंतर वस्तीवरच्या विहारात संध्याकाळी वर्ग भरायचे, तिथं तो मोठेपणी अक्षरं गिरवायला शिकला. मला पहिलं पेन आणून दिलं तेव्हा त्यानं ते आधी स्वतःच्या खिशाला लावून गावभर फिरवलं होतं. त्या पेनाचं पुढे मी काय केलं ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे. पण आधी आनंदाचं सांगतो, कारण तो मला आवरत नाही.

सुरुवात बायकोमुळे झाली. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये पोलीस दिसले की मी ओरडायचो. पंचनामा असा करतात का? पंच कुठं आहेत? ही बाई सही न करताच उठली! एक दिवस तिनं पेपरातली छोटी बातमी माझ्यापुढे टाकली. जालन्याच्या एका कॉलेजात पटकथालेखनाचं शिबिर होतं, वयाची अट नव्हती.

"जावा तिथं," ती म्हणाली. "घरात बसून टीव्हीला शिव्या देऊन राह्यले. तिथं जाऊन नीट ल्ह्यून दाखवा."

"या वयात?"

"मंग कोणत्या वयात? पुढल्या जन्मी?"

बदनापूरहून सकाळच्या गाडीनं गेलो. वर्गाच्या दारातच एका मुलीनं अडवलं. "काका, पालकांनी बाहेर बसायचंय." मी म्हणालो, "मीच विद्यार्थी." ती मागे सरकली, आणि मी पंचवीस तरुणांच्या मधोमध लाकडी बाकावर जाऊन बसलो. गुडघे बाकाखाली मावेनात. शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीच्या, राहायला पुण्याला पण माहेर परभणीकडचं. एरवी शुद्ध बोलायच्या; चिडल्या की एकदम आपल्यासारखं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं : पडद्यावर जे दिसतं आणि जे ऐकू येतं, तेवढंच लिहा. मनात काय आलं, ते लिहू नका.

मी बाकावरच हसलो. अहो, हा तर पंचनामा!

त्यांनी एका खोलीचं वर्णन करायला सांगितलं. मुलं छताकडे बघत बसली, मी दहा मिनिटांत पान भरलं. खोली पूर्व-पश्चिम, उत्तरेस एक दरवाजा, दरवाजाची कडी आतून तुटलेली. चुलीवर पातेलं, पातेल्यात दूध, त्यावर साय धरलेली. खाटेखाली चपलेचा एकच जोड, त्यातली एक चप्पल उलटी. मी वाचून दाखवलं तेव्हा वर्ग "पूर्व-पश्चिम" म्हणताच हसला, पण चपलेपर्यंत येता येता शांत झाला. मॅडम म्हणाल्या, "काकांनी एकदाही 'दुःख' लिहिलं नाही, आणि या खोलीत काहीतरी झालंय हे सगळ्यांना कळलं." माझे कान तापले. नोकरीत असा शेरा कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी संवाद आला आणि मी उताणा पडलो.

भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांचं भांडण लिहायचं होतं. मी लिहिलं आणि मोठ्या थाटात वाचलं. माझी भाजीवाली म्हणाली : "मी वरील ठिकाणी राहण्यास असून भाजीपाला विक्री करून माझी व माझ्या कुटुंबाची उपजीविका भागविते." त्यावर गिऱ्हाईक म्हणालं : "सदर वांगी किडकी असल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे."

वर्ग बाकांवर लोळला. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरंच सांगतो, मला ते लिहिताना काही वावगं वाटलं नव्हतं. बावीस वर्षं माझ्यासमोर बसलेला चोर, सावकार, सासू, शाळामास्तर, सगळे कागदावर असेच बोलले होते.

हसणं ओसरल्यावर मॅडम माझ्या बाकाजवळ आल्या. "काका, तुमची सगळी माणसं एकाच तोंडानं बोलतात. ते तोंड कोणाचं आहे?"

"ठाण्याचं," मी म्हणालो.

"मग आठ दिवस काही लिहू नका. पेन घरी ठेवा. नुसतं ऐका."

शिबिर पाच दिवसांचं, पण मॅडम त्यानंतर दर शनिवारी येणार होत्या. मी पेन घरी ठेवलं आणि ऐकायला निघालो. काय सांगू, वेड लागल्यासारखं झालं! एस.टी.त, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या रांगेत मी नुसते कान लावून बसायचो. आष्टीच्या बाजारात एक पूर्ण दिवस काढला. एक बाई वांगं दाबून म्हणाली, "हे वांगं हाय का दगूड?" भाजीवाली मान वर न करता, "दगडाची भाजी खाल्ली का कधी? मंग न्या, आज खाऊन बघा." बकरीचे दात तपासणाऱ्या एकाला विकणारा म्हणाला, "दात बघून राह्यले का लगीन जमवून राह्यले?" मी एका कोपऱ्यात उभा राहून एकटाच हसत होतो. एवढी वर्षं हीच माणसं माझ्या टेबलापुढे अशीच बोलली असणार, आणि मी ते सगळं "सदर"मध्ये बुडवलं.

त्याच बाजारात एक टेम्पो मागे घेत होते. चाकाजवळ बसलेली एक म्हातारी हात वर करून ड्रायव्हरला म्हणाली, "हळू ये बाबा. हळू."

माझं हसू तिथंच थांबलं. हा शब्द मी याआधी ऐकला होता, याच चालीत. तो मी लिहिला नव्हता.

आता ते सांगतो.

नोकरीतल्या मधल्या वर्षांत मी एका ठाण्यात होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, चूक ठाण्याची नव्हती, माझी होती. एका सकाळी एक मेंढपाळ बाई माझ्यासमोर येऊन बसली. तिशीतली, मांडीवर नवऱ्याचं मुंडासं घडी करून ठेवलेलं. तास-दीड तासापूर्वी त्यांच्या मेंढ्या रस्ता ओलांडत असताना उसाच्या ट्रॅक्टरखाली तिचा नवरा गेला होता. ती रडत नव्हती. एकेक गोष्ट क्रमानं सांगत होती.

"ट्रॅक्टर हळू आला वो साहेब. हळूच आला. मेंढ्या बघून थांबला. एक कोकरू चाकापुढं बसलं, ते उठंना. ह्यांनी डायव्हरला हात केला अन् खाली वाकले. डायव्हर शिव्या देऊन राह्यला व्हता. त्यानं वाकलेलं बघितलं. बघितलं अन् गेर टाकला."

मी लिहिलं : चालकाने त्याच्या ताब्यातील ट्रॅक्टर हयगयीने व निष्काळजीपणाने, भरधाव वेगात चालवून.

का लिहिलं? अपघाताची प्रत्येक फिर्याद मी तशीच लिहायचो. जीप असो, सायकल असो, उसानं भरलेला ट्रॅक्टर असो, वाहन भरधावच असायचं. ती बोलत होती त्याच्या पुढे माझा हात धावत होता. तिच्याकडून मी फक्त नाव, वय आणि वेळ घेतली. बाकीचं मला पाठ होतं. तिकडे साहेब कागदांसाठी हाका मारत होते. शेवटी मी नेहमीची ओळ लिहिली : फिर्याद मला वाचून दाखविली, ती माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचून दाखवली नव्हती. शाईचा पॅड पुढे केला, तिनं अंगठा दिला.

चार वर्षांनी तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली. बाईनं पिंजऱ्यात उभं राहून तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. हळू आला, थांबला, बघितलं, गेर टाकला. आरोपीच्या वकिलांनी फिर्याद उचलली. "बाई, इथं तर तुम्ही भरधाव म्हणता! तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" ती म्हणाली, "म्या असं बोललेच न्हाई." "हा अंगठा तुमचाच ना?" "माझाच." मग ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि माझं नाव पुकारलं.

"फिर्यादीनं ट्रॅक्टर हळू होता असं तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही."

"फिर्याद वाचून दाखवली होती?"

"हो, दाखवली."

"मग भरधाव हा शब्द कोणाचा?"

"फिर्यादीचा," मी म्हणालो.

मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी काही दिलं नव्हतं. बढतीचा कागद वर गेलेला होता आणि चौकशीची भीती होती, एवढंच. ड्रायव्हर सुटला. हे इथंच संपलं असतं तरी पुरेसं होतं. पण दोन वर्षांनी त्याच गावचा एक माणूस दुसऱ्या कामानं ठाण्यात आला, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं तेव्हा म्हणाला, "ती बाई का? फितूर झाली ना ती. कोर्टात एक अन् ठाण्यात एक बोल्ली. नवरा गेला अन् हीच ट्रॅक्टरवाल्याला सामील झाली. दिरानं मेंढरं अलग केली, बोलत बी न्हाई तिच्याशी."

मी त्याचं ऐकलं आणि त्याचा जबाब लिहायला घेतला. एक शब्द बोलून मला ते दुरुस्त करता आलं असतं. वीस-बावीस वर्षं मी तो बोललो नाही. फक्त बायकोला माहीत होतं, कारण कोर्टातून आलो त्या दिवशीच तिला सांगितलं होतं.

आष्टीहून परत आलो आणि पेन काढलं. आठ दिवस पुरे व्हायचे होते, पण थांबवेना. वर लिहिलं, "दृश्य एक. बाहेर. रस्ता. सकाळ." अकरा दिवस मी लिहीत होतो. काय दिवस होते ते! सकाळी चहाच्या आधी एक दृश्य व्हायचं. भाजी निवडताना बायको पात्रांची बोलणी वाचून बघायची. "डायव्हर मी करते, तुमी मेंढ्या करा," म्हणायची आणि ड्रायव्हरच्या आवाजात अशी शिवी हाणायची की शेजारीण डोकावून जायची. बाई बाईसारखी बोलत होती, ड्रायव्हर ड्रायव्हरसारखा. वकील आणि हवालदार मात्र कागदासारखे बोलत होते, कारण ते खरोखर तसंच बोलतात, आणि हे कळलं तेव्हा मी टेबलावर थाप मारली. माझी खोड मला पहिल्यांदाच कामाला आली होती!

शेवटच्या दृश्यात कोर्ट होतं. माझा हवालदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील विचारतो, भरधाव हा शब्द कोणाचा? हवालदार बाईकडे बघतो आणि म्हणतो, "माझा, साहेब. तो शब्द माझा आहे. या बाईनं हळू सांगितलं होतं." लिहिताना माझे डोळे भरून आले.

शनिवारी वर्गात वाचलं. टाळ्या वाजल्या, मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "काका, ही आपण करूनच टाकू. छोटी फिल्म, वीस मिनिटांची. हवालदाराचं हे पात्र कुठून सुचलं?" मी म्हणालो, "असंच. कल्पना." परतीच्या गाडीत मी तरंगत होतो. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी स्वतःला बावीस वर्षांचा सांगितलं असतं.

घरी बायकोनं शेवट मागितला. तेवढा तिला वाचायला मिळाला नव्हता. वाचून कागद खाली ठेवला.

"हे असं झाल्तं का?"

"पटकथा आहे ही."

"टाळ्या वाजवल्या लोकायनं?"

"वाजवल्या."

"बरं झालं." ती उठली. "आता तिला बी वाचून दाखवा. मागच्या बारीला राह्यलं व्हतं."

दोन दिवस मी कारणं काढली. पत्ता नाही, ती असेल-नसेल, उगाच जुनी जखम. तिसऱ्या दिवशी बायकोनं पाण्याची बाटली भरून दारात ठेवली आणि मी निघालो.

गाव कुंभार पिंपळगावच्या पुढं. फाट्यावर उतरून विचारत विचारत वस्तीवर गेलो. पत्र्याचं घर, पुढं कूड घातलेला वाडगा, त्यात सात-आठ मेंढ्या. पूर्वी त्यांचा मोठा कळप होता. आता तुरीची शेती. ओट्यावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, डोळ्यांवर जाड भिंगं. शेजारी सून. मला बघून तिनं सुनेला सांगितलं, "सर्व्हेवाले आले बघ. माझं आधार कार्ड आण."

"सर्व्हेचा नाही, बाई. मी ठाण्यात रायटर होतो. तुमची फिर्याद मी लिहिली होती."

शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. मला वाटलं ती उठून आत जाईल. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"केस गेले व्हय तुमचे सारे," ती म्हणाली. मग सुनेला, "चहा टाक. साखर इचार, ह्या वयात लोकायला चालत न्हाई."

मी सांगितलं की मी आता सिनेमाची गोष्ट लिहितो, तुमची लिहिली आहे, तुम्हाला वाचून दाखवायची आहे. तुम्ही नको म्हणालात तर इथंच फाडून जातो. ती शेंगा सोलायला लागली. "वाचा तर खरं," म्हणाली.

मी वाचायला लागलो. पहिल्याच दृश्यात तिनं थांबवलं.

"मेंढ्या वरडल्या, असं काय लिव्हलं? भ्याल्या की मेंढ्या वरडत न्हाईत. चूप व्हत्यात. सगळ्या एका जागी डोकी घालत्यात."

मी खोडलं. अहाहा, काय दृश्य होतं ते! शंभर मेंढ्या आणि आवाज नाही. पुढं ट्रॅक्टर लाल नव्हता, निळा होता. कोकरू पांढरं नव्हतं, त्याचा एक कान काळा होता. ती सांगत होती, मी लाल पेनानं खोडत होतो आणि निळ्यानं लिहीत होतो. तिचं बोलणं आता माझ्या हाताच्या पुढं धावत होतं. मी म्हणायचो, थांबा, थांबा, परत सांगा. सूनही भांडं घासता घासता ऐकायला येऊन उभी राहिली.

मग कोर्टाचं दृश्य आलं. मी वाचलं : माझा, साहेब. तो शब्द माझा आहे.

सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "बरं झालं बाई."

सासूच्या हातातली शेंग टोपल्यात पडली. "हे कोन बोल्लं?"

"हवालदार."

"कोणता हवालदार?"

"मी."

"तू बोल्ला व्हता का असं?" तिचं 'तुम्ही' गेलं होतं.

"नाही."

"मंग खोड."

मी समजावायला गेलो. म्हणालो, बाई, सिनेमात असं चालतं. जे व्हायला पाहिजे होतं ते दाखवतात. लोकांना बरं वाटतं.

"लोकायला बरं वाटंल. तुला बी वाटंल. अन् मी?" तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "ह्या गावात म्या एवढी वर्षं फितूर म्हणून काढली. नवऱ्याला खाल्लं अन् कोर्टात पलटली. लेकराच्या लग्नात दीर मांडवात आला न्हाई. आता तुझ्या पिच्चरमधी हवालदार खरं बोल्ला, म्हणजे मला कोर्टात न्याव भेटला. मंग गाव म्हणल, तिथं तर सगळं बराबर झाल्तं, हीच खोटी. परत एकदा तू तुझ्याच मनानं ल्ह्यून राह्यलास."

ती अगदी बरोबर सांगत होती. मी पिंजऱ्यातल्या माझ्या हवालदाराला सोडवलं होतं, तिला नाही. टाळ्या त्यालाच मिळाल्या होत्या.

मी लाल पेनानं अख्खं दृश्य खोडलं. तिथंच ओट्यावर, गुडघ्यावर वही ठेवून नव्यानं लिहिलं. तीन प्रश्न, तीन उत्तरं, जशी झाली तशी. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. शब्दन् शब्द पाठ होता. आणि विश्वास ठेवा, लिहिताना मला कळत होतं की आधीच्यापेक्षा हे चांगलं आहे. लाजेनं कान जळत होते आणि तरी कळत होतं.

"झालं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "थांब. आत्ताच वाचू नको." आणि सुनेला म्हणाली, "जा, तुझ्या चुलत सासऱ्याला बोलाव. म्हणावं, कोर्टाचा माणूस आला."

दीर दोन घरं सोडून राहत होता. पासष्टीचा, काठी टेकत आला, ओट्यावर न बसता खाली अंगणात उभा राहिला. वहिनीकडे बघितलं नाही. मी वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं," तो म्हणाला. "ऐकू न्हाई येत मला."

मी आवाज चढवला. त्यानं कानामागं हात धरला. "अजून मोठ्यानं." मग मी उभा राहिलो आणि ओरडून वाचलं. भरधाव हा शब्द कोणाचा? फिर्यादीचा! शेजारच्या अंगणातून दोन बाया कुडाजवळ आल्या. एक माणूस मोटारसायकल बंद करून थांबला. आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी काही बोललो नव्हतो.

"म्हंजे?" दीर म्हणाला. "वैनीच बोल्ली ना भरधाव? तेच तर लिव्हलंय."

"नाही!" मी ओरडलो. "त्या हळू बोलल्या होत्या! भरधाव मी लिहिलं! वाचून दाखवलं नाही! कोर्टात मी खोटं बोललो! मी! रायटर!"

कुडाजवळची एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं बाई, हाच का तो?" मोटारसायकलवाला खाली बघू लागला. दीर बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. मला वाटलं, काठी माझ्यावर येणार. आली असती तरी मी हललो नसतो.

"एक डाव अजून वाचा," तो म्हणाला.

मी अजून एकदा ओरडून वाचलं. मग तो ओट्याची पायरी चढून वर आला, वहिनीपासून हातभर अंतरावर बसला आणि टोपल्यातल्या शेंगा ओढून सोलायला लागला. थोड्या वेळानं ती एवढंच म्हणाली, "किडक्या अलग टाका, भावजी." तो म्हणाला, "दिसून राह्यलं मला. कान गेलेत, डोळे न्हाई."

परत निघालो तेव्हा ती माझ्यासोबत फाट्यापर्यंत आली. मी नको म्हणत होतो. चालता चालता म्हणाली, "त्या दिशी एकाच यष्टीत व्हतो आपून. आठवतं का?"

मला आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, पुसून गेलं होतं.

"कोर्ट सुटलं अन् यष्टी आली. कंडक्टरनं तुमाला जागा देली, वर्दी बघून. मी तिथंच दांडी धरून उभी. वळणावर माझा पदर तुमच्या खांद्याला लागायचा. तुमी सारा टाइम खिडकीतून बाहेर बघून राह्यले व्हते."

मी रस्त्यातच थांबलो. अंगावर काटा आला. एक लाजेचा होता आणि दुसरा, खरं सांगायचं तर, उत्साहाचा. हेच शेवटचं दृश्य! कोर्टावर संपायचंच नव्हतं! एक एस.टी., एक बसलेला, एक उभी.

"कोणी काही बोललं?"

"कोन बोलनार?"

फाट्यावरच्या दगडावर बसून मी वही उघडली. "दृश्य एकोणीस. आत. एस.टी. दुपार. संवाद नाही." माझं पेन अडखळायला लागलं, मी झटकलं. तोवर माझी गाडी आली. कंडक्टर ओरडला, "आजोबा, येता का जल्दी?" मी हातानंच जा म्हटलं. गाडी धूळ उडवत गेली. पुढची दीड तासानं होती.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. हवालदार कडेच्या जागेवर बसून खिडकीबाहेर बघतो आहे. बाई दांडी धरून उभी. गाडी वळते. तिचा पदर त्याच्या उजव्या खांद्याला लागतो.

"डाव्या," ती म्हणाली.

मी 'उजव्या' खोडलं, 'डाव्या' लिहिलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.